उजवीकडचे काटे

गाडी बंद पडल्यावर कुणी सेवेरो तिकोना मिस्त्रीला फोन केला, की तो सगळी रडकथा मुकाट्यानं ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, "आणि चालत होती तेव्हा कुठं होतात?" या एका प्रश्नापायी त्यानं किती गिऱ्हाइकं घालवली असतील देव जाणे. उंच पठारावरच्या एल आल्तो शहरातल्या रिओ सेको वस्तीत त्याच्याहून स्वस्त मिस्त्री होते, गोड बोलणारे तर ढिगानं होते. पण पोराबाळांना घेऊन युंगासचा घाट उतरायचा असला, की लोक अपमान गिळून त्याच्याच पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभे राहायचे. त्यानं "जा" म्हटलं की निघायचं, "नको" म्हटलं की बसची तिकिटं काढायची. चाळीस वर्षांत आपण दिलेला शब्द मागं घेतला नाही, हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की ऐकणारा कंटाळून जावा.

माणूस बुटका, छातीनं रुंद, डोक्यावर बाराही महिने लोकरीची टोपी. ओरुरोकडच्या एका खाणीच्या गावात जन्मला. खाण बंद पडली तेव्हा बापाबरोबर इथं आला आणि एका ट्रकखाली शिरला, तो साठी उलटली तरी पुरता बाहेर आला नव्हता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा साओ पावलोला शिलाईच्या कारखान्यात होता. घरी वाट पाहणारं कुणी नसल्यामुळं घरी जायची त्याला घाईही नसायची. गाडी इंजिनानं मरत नाही, मालकाच्या आळसानं मरते, असं त्याचं ठाम मत होतं. पाच हजार किलोमीटर झाले की ऑइल आणि फिल्टर बदलायचा, दर खेपेला चाकं काढून ब्रेक बघायचे, पट्टे आणि रबरी नळ्या हातानं चाचपायच्या. यात अक्कल लागत नाही, नुसतं वेळेवर यावं लागतं, असं तो म्हणायचा. आणि माणसाच्या नेमकं तेच जिवावर येतं.

वेळेवर येणारं एकच कुटुंब त्यानं उभ्या आयुष्यात पाहिलं, माकारिओ काल्लिसाया मास्तरांचं.

मास्तरांनी अठरा वर्षांपूर्वी बंदरावरून एक वापरलेली जपानी गाडी आणली होती. राखाडी, उंच, सात माणसांची, तेव्हाच नऊ वर्षांची. जपानी म्हणजे स्टीअरिंग उजवीकडं. इथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, म्हणून ते काढून डावीकडं बसवायचं काम सेवेरोनं केलं. स्टीअरिंग आलं, पेडलं आली, पण वेगाचा काटा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र होते तिथंच, उजवीकडं राहिले. ते हलवायला आणखी आठवडा लागला असता आणि मास्तरांना ईस्टरला गाव गाठायचं होतं. "राहू दे तिथंच," मास्तर म्हणाले, "इलारिया बसेल त्या बाजूला. ती सांगेल मला."

आणि इलारियानं खरोखर अठरा वर्षं सांगितलं. तिला गाडी चालवता येत नव्हती. बाजारात लोकर विकणारी बाई, दोन वेण्या, रुंद घेराचा झगा, मांडीवर टोपी. पण गाडी सुटली की तिची नजर काट्यांवरून ढळायची नाही. "चाळीस. पन्नास. माकारिओ, साठ! साठ झाले, कुठं आग लागलीय? आणि दुसरा काटा चढायला लागलाय हं, थांब, चहा घेऊ." घाटातल्या सगळ्या चहावाल्या त्यांना ओळखायच्या त्या या दुसऱ्या काट्यामुळं.

पहिल्याच कार्निव्हालला मास्तरांनी सेवेरोला गाडीचा धर्मपिता केलं. बाळाला असतो तसा गाडीलाही इथं धर्मपिता असतो. दर कार्निव्हालच्या मंगळवारी पहिली बिअर बॉनेटवर त्यानं ओतायची, आणि पुढं तिचं बरंवाईट त्यानं बघायचं. त्या दिवसापासून सेवेरो त्या नवराबायकोचा कोंपाद्रे झाला आणि इलारिया त्याची कोमाद्रे. असं नातं एकदा जोडलं की ते रक्ताच्या नात्याहून चिवट असतं, निदान सेवेरो तरी तसं मानायचा.

दर तीन महिन्यांनी, पहिल्या शनिवारी, किलोमीटर भरोत न भरोत, गाडी शेडसमोर यायची. सेवेरो खाली शिरायचा, मास्तर त्याला पाने द्यायचे (चुकीचे), आणि इलारिया जमिनीवर धाबळ पसरून त्यावर जेवण मांडायची. गारठ्यात वाळवलेले काळे बटाटे, उकडलेल्या शेंगा, चीज, तळलेले बोटाएवढे मासे आणि दगडावर वाटलेली मिरचीची चटणी. काम संपलं की तिघं मांडी घालून हातानं जेवायचे. दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. सेवेरोला वाटलं, आता संपलं. पण पुढच्याच पहिल्या शनिवारी गाडी दारात उभी. मुलगी सुल्मा चालवत होती आणि इलारिया उजवीकडच्या काट्यांसमोर बसली होती, मांडीवर जेवणाचं गाठोडं. सेवेरो टोपी सारखी करायच्या निमित्तानं आत गेला आणि डोळे पुसून बाहेर आला.

यंदाच्या कार्निव्हालनंतरचा पहिला शनिवार मात्र वेगळा निघाला.

सुल्मा दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. बापासारखी नीटनेटकी, पण गाडीवर तिचा जीव नव्हता. वेग बघायला तिनं फोन समोर लावून ठेवला होता, आणि आई आकडे सांगायला लागली की म्हणायची, "आई, दिसतंय मला." त्या दिवशी उतरल्या उतरल्या तिनं विषय काढला.

"काका, आज आडपडदा नको. गाडी सत्तावीस वर्षांची झाली. सकाळी चालू करताना खोकते. ईस्टरला बाबांच्या थडग्यावर जायचं तर तीन पोरांना घेऊन घाट उतरायचाय. फेरियाच्या बाजारातला फोर्तुनातो सुट्या भागांसाठी घ्यायला तयार आहे, गुरुवारी. तुम्ही 'चालेल' म्हणालात तर हिच्यातूनच जाऊ. 'नाही' म्हणालात तर गुरुवारी देऊन टाकते. आईनं कबूल केलंय."

"केलंय," इलारिया धाबळ पसरता पसरता म्हणाली. "कोंपाद्रे सांगतील ते शेवटचं." आणि तिनं सेवेरोकडं अशा विश्वासानं पाहिलं की त्यानं नजर बॉनेटकडं वळवली.

कारण सेवेरोला काय सांगायचंय हे आधीच ठरलं होतं. त्याला "चालेल" म्हणायचं होतं. ब्रेक चांगले निघाले, पट्टे मागच्याच खेपेला बदललेले, नळ्या मऊ. मग त्यानं ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला पांढरट, चिकट साय जमली होती, बोटभर जाड.

हा थर कशाचा, ते कुठल्याही मिस्त्रीला झोपेत कळतं. ऑइलमध्ये पाणी शिरलंय. आणि या वयाच्या इंजिनात पाणी शिरलं म्हणजे हेड गॅस्केट, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी इंजिनातली पट्टी, गेली. म्हणजे घाटात इंजिन तापणार, आणि मग देवच वाली.

"रेडिएटरचं पाणी कमी झालं होतं का गं?" त्यानं सुल्माला विचारलं.

"माहीत नाही काका. परवा पंपावर भरून घेतलं. किती लागलं ते नाही बघितलं."

आता खरं तर पुढची तपासणी करायची होती. रेडिएटरच्या तोंडावर बसवायचा छोटा हातपंप त्याच्या खोक्यात होता. दाब भरायचा, पंधरा मिनिटं पंपावरच्या काट्याकडं बघायचं, काटा पडला तर गॅस्केट गेली, नाही पडला तर नाही. सेवेरोचा हात खोक्याकडं गेलासुद्धा. पण त्याच क्षणी त्याला स्वतःचाच संशय आला. सेवेरो, तू हे गाडीसाठी करतोयस की या जेवणासाठी? गाडी गेली तर पहिला शनिवार जाईल, धाबळ जाईल, कोमाद्रे जाईल, म्हणून तू पळवाट शोधतोयस. आणि मागं तीन पोरं बसणार आहेत. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं हात मागं घेतला. माणूस खोटं बोलायला घाबरला की कधीकधी खरं शोधायचंही राहून जातं, तसं त्याचं झालं.

"नाही," तो म्हणाला. "हिनं घाट उतरायचा नाही. ऑइलमध्ये पाणी आलंय."

इलारियाचा चीज कापणारा हात थांबला. "पाणी? ऑइलमध्ये?"

"हो, कोमाद्रे."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं धाबळ जेवणासकट गुंडाळून सेवेरोच्या हातात दिली आणि गाडीकडं न बघता मिनीबस धरायला निघून गेली. सेवेरोनं ते जेवण दोन दिवस शिळं करून खाल्लं.

गाडी बुधवारपर्यंत त्याच्याकडंच होती. मंगळवारी त्यानं तिचं ऑइल बदललं, फिल्टर बदलला. भंगारात जाणाऱ्या गाडीचं ऑइल बदलणारा वेडाच म्हणायचा. पण धर्मपित्यानं तिला घाण घेऊन कुणाच्या दारात पाठवायची नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. खालचा बोल्ट काढला, जुनं ऑइल डब्यात सोडलं, आणि त्याच्याकडं एकदाही बघितलं नाही. बघवलंच नाही. उजवीकडच्या काट्यांची काच तेवढी ओल्या फडक्यानं लख्ख पुसली. बुधवारी संध्याकाळी सुल्मा गाडी घेऊन गेली.

गुरुवारी सकाळी त्यानं ते जुनं ऑइल गाळायला घेतलं. शेजारचा सुतार कुंपणाच्या खांबांना लावायला न्यायचा. नरसाळ्यात फडकं, फडक्यावर ऑइल. शेवटी फडक्यात गाळ राहिला, आणि गाळात काहीतरी गोल, गुलाबी. सेवेरोनं ते नखानं उचललं. मग एक हिरवं. मग पिवळी दोन. नाणं नव्हे, वॉशर नव्हे, कागदाच्या टिकल्या. कार्निव्हालला माणसांच्या डोक्यावर आणि गाडीच्या बॉनेटवर मुठीमुठीनं उधळतात त्या.

गॅस्केट गेली तर पाणी आत येतं. कागदाच्या टिकल्या येत नाहीत. टिकल्या आत यायला कुणीतरी झाकण उघडावं लागतं, आणि कार्निव्हालच्या मंगळवारी झाकण उघडणाऱ्याच्या हातात काय असतं ते रिओ सेकोतलं शेंबडं पोरही सांगेल.

"गाढवा," सेवेरो स्वतःला म्हणाला, मोठ्यानं.

गुरुवारी फेरियाकडं जाणारे सगळे रस्ते तुंबलेले असतात. एकच मार्ग होता, तारेला लटकून डोक्यावरून जाणारा पाळणा, आणि स्वतःचं इंजिन नसलेल्या वाहनात बसणार नाही अशी सेवेरोची शपथ होती. त्या सकाळी ती मोडली. एका हातात तेलकट फडकं, दुसऱ्यात हातपंप. समोरची बाई ऑइलच्या वासानं नाक मुरडत होती, आणि हा खालच्या छपरांकडं न बघता ओठातल्या ओठात पाळण्याला शिव्या घालत होता, जरा भरभर चाल म्हणून.

गाड्यांच्या रांगेत राखाडी गाडी लांबूनच दिसली. काचेवर विक्रीचा कागद. सुल्मा शेजारी उभी. फोर्तुनातो, सुट्या भागांचा व्यापारी, पोटावर हात बांधून गाडीभोवती फिरत होता. आणि इलारिया मागच्या सीटवर बसली होती. अठरा वर्षांत ती कधी मागं बसली नव्हती.

सेवेरोनं मागचं दार उघडलं आणि तिच्यासमोर फडकं धरलं. त्याला धाप लागली होती. "कोमाद्रे, हे काय आहे?"

तिनं टिकल्यांकडं पाहिलं आणि तिचा बांध फुटला. "मीच मारली ना हिला?"

"आधी सांगा, काय केलंत?"

"दर वर्षी चाकांना देतो, बॉनेटला देतो, धरणीमायला, पाचामामाला, जमिनीवर देतो. आणि ही? एवढं ओढते, सकाळी थंडीनं खोकते, आणि हिच्या घशात थेंब नाही? मला बरं नाही वाटलं, कोंपाद्रे. झाकण उघडं दिसलं..."

"उघडं दिसलं?"

"उघडलं मी."

"किती पाजलीत?"

"अर्धी बाटली."

"आणि उरलेली?"

"प्यायले. ती एकटीच पितेय असं नको वाटायला."

सेवेरोला हसू आवरेना, पण त्यानं आवरलं. "अहो, मग शनिवारी बोलला का नाहीत?"

"तुम्ही पाणी म्हणालात. मला वाटलं, बिअरचंच आत जाऊन पाणी झालं. सुल्मासमोर कुठल्या तोंडानं सांगू? बापाची गाडी आईनं मारली म्हणून? पाच दिवस झोप नाही मला. त्याच्या थडग्यावर जाऊन तरी काय सांगणार होते?"

"मेली नाही ती, कोमाद्रे. नुसती झिंगली होती. मंगळवारी सगळं काढलंय मी." मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. "तुम्ही रोज त्या काट्यासमोर बसता. या महिन्यात इंजिनाचा काटा कधी वर गेला होता का?"

"छे. मधल्या रेघेच्या खालीच. जराही हलला नाही."

"मग हे तरी सांगायचं मला!"

इलारियानं नाक पुसलं आणि त्याच्याकडं पाहिलं. "तुम्ही विचारलंत कुठं?"

चाळीस वर्षं सेवेरो लोकांना विचारत आला होता, गाडी चालत होती तेव्हा कुठं होतात. आणि जी बाई अठरा वर्षं गाडी चालताना तिच्या काट्यांवर नजर लावून बसली होती, तिलाच विचारायचं राहिलं. बाईला चालवता येत नाही, हिला काय कळणार, असं तो धरून चालला होता. हे त्याला तिथं, दार धरून उभ्या उभ्या, कळलं.

तो वळला. "सुल्मा, गाडी विकू नकोस. शनिवारी मी चुकीचं सांगितलं."

आजूबाजूचे दोन-तीन विक्रेते पुढं सरकले. असला तमाशा फेरियात रोज मिळत नाही. फोर्तुनातोनं तर दोन्ही हात कमरेवर घेतले. "अरे वा! तिकोना मिस्त्रीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ ना? काय झालं, दगड विरघळला?"

"विरघळला," सेवेरो म्हणाला. "खोट गाडीत नाही, माझ्यात आहे. तपासणी अर्धवट टाकली मी. सगळ्यांनी ऐकलं ना? आता बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

"काका, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून नाही ना म्हणत?" सुल्मा म्हणाली. तिचा आवाज कठोर नव्हता, घाबरलेला होता. "माझी पोरं असणार आहेत मागं."

"माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. ह्याच्यावर ठेव." त्यानं ऑइलचं झाकण काढून तिच्या हातात दिलं. आत साय नव्हती, नुसता सोनेरी ओलावा. मग त्यानं रेडिएटरचं झाकण उघडून हातपंप बसवला आणि दाब भरला. "पंधरा मिनिटं. काटा पडला तर गाडी फोर्तुनातोची. कोमाद्रे, बाहेर या. काटा बघायचं काम तुमचं."

इलारिया झगा सावरत उतरली आणि त्या एवढ्याशा काट्यासमोर वाकून उभी राहिली. शेजारच्या विक्रेत्यानं रेडिओसुद्धा बारीक केला. "आहे तिथंच," ती मधूनमधून म्हणायची. "आहे तिथंच." पाच मिनिटांनी फोर्तुनातोही वाकून बघायला लागला. पंधरा मिनिटं झाली तेव्हा सुल्मानं आपल्या घड्याळात पाहिलं, पुन्हा काट्याकडं पाहिलं, आणि चालत जाऊन काचेवरचा कागद काढला.

"पाचशे किलोमीटरनं पुन्हा ऑइल बदलायचं," सेवेरो घाईघाईनं, नेहमीच्या खेकसण्याच्या सुरात म्हणाला, कारण त्याचे डोळे भरून आले होते. "आतून पुरती धुतली गेली पाहिजे. आणि पुढच्या कार्निव्हालला झाकणाजवळ मी उभा राहणार."

"आणि ईस्टरला?" इलारियानं विचारलं.

"ईस्टरला काय?"

"तुम्ही तिचे धर्मपिता. दोन वर्षं झाली, माकारिओच्या थडग्यावर एकदा तरी आलात का? मागं जागा आहे."

सेवेरोनं टोपी काढली, पुन्हा घातली. "येतो," तो म्हणाला.

निघताना तो मागं बसला, पाय आखडून, मांडीवर हातपंप. सुल्मा स्टीअरिंगवर. इलारिया मागच्या दारापाशी जरा घुटमळली, मग पुढं जाऊन उजवीकडं बसली आणि टोपी मांडीवर ठेवली. गाडी चालू झाली, जराशी खोकली, गर्दीतून वाट काढत मोठ्या रस्त्याला लागली. इलारिया काट्यांकडं बघत होती, पण तोंडातून शब्द काढत नव्हती.

सुल्माचा फोन आज समोर नव्हता, पर्समध्येच होता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली.

"आई," ती म्हणाली, "किती झाले?"

"वीस," इलारिया म्हणाली. मग जरा सावरून बसली. "पंचवीस. तीस. आणि दुसरा आहे तिथंच."